काढलेला प्लग आधी हातात घ्या

मागच्या अंकात एका उत्तराच्या शेवटी मी सहज लिहिलं होतं, की बदललेला जुना स्पार्क प्लग, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग, गॅरेजमध्ये सोडून येऊ नका, मागून घ्या. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घ्यायला जागाच उरली नाही. क्लच आणि चेनवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा. अशोक चौकातल्या माझ्या गॅरेजवर काही जण तर कागदात गुंडाळून प्लग घेऊनच आले. एका मावशींनी तो शेंगाचटणीच्या रिकाम्या डब्यातून आणला आणि जाताना डबा आठवणीने परत नेला.

प्रश्न : माझी १०० सीसीची जुनी मोटरसायकल आहे. रोज दुधाचे कॅन लावून गावोगाव फिरतो. सकाळी गाडी झकास चालते, पण दहा-बारा किलोमीटर झाले की मिसिंग करते (इंजिन मधेच ठोका चुकवतं) आणि कधी कधी बंदच पडते. थोडा वेळ सावलीत उभी केली की पुन्हा चालू. आतापर्यंत तीन प्लग बदलले. दर वेळी दोन-चार दिवस बरं वाटतं, मग पहिले पाढे पंचावन्न. आता कुठल्या कंपनीचा प्लग घालू?
— एक दूधवाले, वैराग

उत्तर : दादा, कुठल्याच कंपनीचा घालू नका. तीन प्लग घालून आजार तसाच आहे म्हणजे तो प्लगमध्ये नाही. नाडी न बघता पुडी बांधून देणाऱ्या वैद्यासारखं चाललंय हे.

नवा प्लग घातल्यावर बरं का वाटतं, ते आधी समजून घ्या. नव्या प्लगच्या टोकाच्या कडा धारदार असतात, गॅप, म्हणजे मधली काडी आणि बाहेरचा वाकलेला हात यांच्यातली फट, बरोबर असते आणि चिनी मातीवर काजळी नसते. त्यामुळे ठिणगी पडायला कमी व्होल्टेज पुरतं. मागून येणारा करंट अशक्त असला तरी तेवढ्यात भागतं. चार दिवसांनी थोडी काजळी बसली की तोच अशक्त करंट कमी पडायला लागतो. प्लग बिचारा तिथेच असतो, शिव्या त्याला बसतात.

आता गाडी गरम झाल्यावरच बंद का पडते? माझा पहिला संशय कॉईलवर, म्हणजे प्लगसाठी व्होल्टेज वाढवून देणाऱ्या भागावर. कॉईलच्या पोटात केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. त्यात कुठे तार तुटायला आली असेल तर थंड असताना ती चिकटून राहते आणि गरम होऊन पसरली की सुटते. थंड झाली की परत जोडली जाते. म्हणून सकाळी गॅरेजमध्ये नेऊन दाखवली तर गाडी शहाण्यासारखी चालते आणि मेकॅनिक तुमच्याकडेच संशयाने बघतो.

तेव्हा तपासणी गाडी बंद पडली त्याच जागी करायची. जवळ एक चांगला जादा प्लग आणि रबरी मुठीची पकड ठेवा. गाडी थांबली की प्लगची कॅप, म्हणजे वायरच्या टोकाचं टोपण, ओढून काढा, जादा प्लग त्यात बसवा आणि प्लगचा लोखंडी भाग इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट टेकवून किक मारा. इंजिनातला प्लग काढायचा नाही, तो जागेवरच राहू द्या. भोक उघडं असेल तर आतून पेट्रोलची वाफ येते आणि तिथे ठिणगी पडली की भडका उडतो. प्लग हातात धरू नका, रबरी मुठीच्या पकडीत धरा. अधांतरी धरून तर किक मारूच नका, करंटला वाट मिळाली नाही की सीडीआय (नेमक्या वेळी ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जातो. निळसर पांढरी, चट् असा आवाज करणारी ठिणगी पडली तर कॉईलला तूर्त माफी. लालसर, बारीक, मधेच गायब होणारी पडली, किंवा पडलीच नाही, तर कॅप, वायर, कॉईल या क्रमाने जा.

माफी 'तूर्त' म्हणतोय, त्यालाही कारण आहे. बाहेरच्या मोकळ्या हवेत ठिणगी पडणं सोपं असतं. इंजिनात तोच प्लग दाबलेल्या हवेत पेटायचा असतो आणि तिथे कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. बाहेर करंट दिसला म्हणून आतही पडतोच, असं धरून चालू नका.

क्रमात कॅप पहिली ठेवली, कारण ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. बऱ्याच दुचाकींच्या कॅपमध्ये पाच किलो ओहमचा रेझिस्टर असतो. मल्टीमीटर लावला आणि काटा हललाच नाही तर कॅप मेली. कॅप वायरवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते, डावीकडे फिरवली की निघते. वायरचं टोक आत हिरवं पडलेलं दिसलं तर अर्धा सेंटीमीटर छाटा आणि ताज्या तांब्यावर कॅप परत फिरवून बसवा. माझ्याकडे 'कॉईल बदला' म्हणून आलेल्या कितीतरी गाड्या एवढ्यावर परत गेल्या आहेत.

आणि एक. पुढच्या वेळी गाडी बंद पडली की सगळ्यात आधी टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' आवाज येऊन हवा आत गेली आणि गाडी लगेच चालू झाली, तर दोष करंटचा नाहीच. झाकणातलं हवेचं छिद्र धुळीने बुजलंय. पेट्रोल खाली उतरायला वरून हवा लागते. ते छिद्र साफ करायला पैसे लागत नाहीत, म्हणून ते कोणी सुचवतही नाही.

प्रश्न : तुम्ही जुना प्लग मागून घ्या म्हणता. घेतला. त्याच्याकडे बघून कळतं काय?
— निवृत्त लिपिक, होटगी रोड

उत्तर : साहेब, फाईल वाचता तसा तो वाचायचा. बघायचं ते टोकाशी असलेल्या चिनी मातीच्या नळीकडे आणि तिच्या मधल्या काडीकडे.

नळी फिकट तपकिरी किंवा करडी, भाजलेल्या भाकरीच्या रंगाची असेल तर इंजिनची तब्येत उत्तम. कोरडी, बोटाला लागणारी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर उघडून बघा. तूर-हरभऱ्याच्या काढणीच्या दिवसांत आणि उसाच्या ट्रॉल्यांमागून फिरणाऱ्या गाड्यांत तो फिल्टर राहत नाही, भिंत होतो. मागे सुताची बाचकी बांधून कारखान्याला जाणाऱ्या गाड्यांच्या फिल्टरमध्ये तर मी कापसाचे तंतू गुंडाळलेले पाहिलेत. घर ते भाजी मंडई एवढीच चालणारी गाडीही काळा प्लग दाखवते, कारण तो कधी पुरता तापतच नाही. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं की काजळी आपोआप जळते. त्याच्या खाली राहिलं की साठत जाते.

काळं आहे, पण ओलसर आणि तेलकट आहे? मग इंजिन ऑईल वर चढतंय. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील झिजलेत. प्लग बदलून फक्त महिना पुढे ढकलाल. ओलं आहे पण वास पेट्रोलचा आहे, तर ठिणगीच पडत नाही किंवा किका मारून इंजिन भिजवलंय.

सगळ्यात घाबरायचं ते पांढऱ्याफटक नळीला, त्यावर फोड किंवा चमकणारे बारीक मणी असतील तर. आत उष्णता प्रमाणाबाहेर गेली आहे. पेट्रोल कमी पडतंय, ठिणगीचं टायमिंग पुढे आहे, चुकीच्या नंबरचा प्लग आहे किंवा प्लग नीट आवळलेलाच नाही. चमकणारे मणी बहुधा पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. अशी गाडी चालवत घरी नेऊ नका.

काडी टोकाशी गोल झाली असेल तर मात्र प्लग सरळ म्हातारा झाला, बदलून टाका. मनाला लावून घेण्यासारखं काही नाही.

प्रश्न : माझी स्कूटर आहे, बीएस-६. प्लग स्वतः बदलायची इच्छा आहे. घरातले म्हणतात, बायकांचं काम नाही, इंजिन बिघडवशील. खरंच एवढं अवघड आहे का?
— एक शिक्षिका, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, घरातल्यांपैकी कोणी आजवर प्लग बदललाय का, ते आधी विचारा. काम सोपं आहे. अवघड आहे तो धीर.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. संध्याकाळी फिरवून आणलेली गाडी सकाळी उघडा. इंजिनचं हेड (प्लग ज्यात बसतो तो भाग) ॲल्युमिनियमचं असतं, गरम असताना प्लग फिरवला तर आटे त्याच्याबरोबर बाहेर येतात. पुष्कळ स्कूटरना बाजूला किंवा पायाशी एक छोटं प्लास्टिकचं झाकण असतं, ते काढलं की प्लगची कॅप दिसते. कॅपला धरून ओढायचं, वायरला नाही. मग प्लगच्या भोवतीची धूळ फुंकून किंवा सायकलच्या पंपाने उडवून टाका. ही पायरी गॅरेजमध्येही बरेच जण गाळतात. खड्ड्यात साठलेली माती प्लग निघाला की सरळ सिलिंडरमध्ये पडते आणि पिस्टनबरोबर घासत बसते.

पाना बहुतेक १६ चा लागेल. तो प्लगवर पुरता आणि सरळ बसू द्या. तिरका बसलेला पाना चिनी मातीला तडा देतो. तो तडा डोळ्यांना दिसत नाही, फक्त पावसात गाडी चालू होईनाशी झाली की कळतो.

आता नवा प्लग. नंबर मॅन्युअलमध्ये आहे तोच घ्यायचा आणि त्यात आर हे अक्षर असेल तर ते सोडायचं नाही. आर म्हणजे आत रेझिस्टर आहे. तुमच्या गाडीत कॉम्प्युटर आहे, बिनरेझिस्टरच्या प्लगमुळे त्याला विजेचा त्रास होतो आणि मग कारण नसताना इंजिनचा पिवळा दिवा लागतो. गॅप फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, बघा. दुचाकींना साधारण ०.६ ते ०.९ मिलिमीटरच्या दरम्यान असते, नेमका आकडा मॅन्युअलमधला. बाहेरचा वाकलेला हात हलकेच आत-बाहेर करायचा, मधल्या काडीला अजिबात जोर लावायचा नाही.

बसवताना पाना हातात घेऊच नका. प्लग नुसत्या बोटांनी फिरवा. बोट पोहोचत नसेल तर पेट्रोलच्या जाड रबरी नळीचा तुकडा प्लगच्या मागच्या टोकावर बसवून ती नळी फिरवा. आटा तिरका लागला तर नळी आपोआप घसरते, हाच तिचा फायदा. चार-पाच फेरे मऊ गेले पाहिजेत. दुसऱ्याच फेऱ्याला अडला तर काढा आणि पुन्हा लावा, जोर नाही करायचा. तळाला टेकला की मगच पाना लावा. वॉशरवाला नवा प्लग असेल तर अर्धा फेरा, वॉशर दबल्याचं हाताला कळतं. तोच प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा घड्याळाचा तासकाटा एका तासात सरकतो तेवढंच. टॉर्क पाना कुणाकडे मिळाला तर १० मिलिमीटरच्या प्लगला १० ते १२ न्यूटन मीटर पुरे. आट्यांना ग्रीस लावायचं नाही. ग्रीस लावलं की हाताला तेवढीच ताकद वाटते, पण प्लग जास्त आवळला जातो.

कॅप 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा. झालं. जुना प्लग घरातल्यांना दाखवा.

प्रश्न : माझ्या १५० सीसी पल्सरचा प्लग बदलून महिना झाला, तरी पिकअप नाही आणि ॲव्हरेजही घसरलंय. प्लग चांगल्या दुकानातून घेतला होता.
— विद्यार्थी, केगाव

उत्तर : कुठला बदलला? तुझ्या गाडीला बहुतेक दोन आहेत. २००३ साली पल्सरला डीटीएस-आय आलं, म्हणजे एका सिलिंडरला दोन बाजूंनी दोन प्लग. एक समोर दिसतो, तो बदलला जातो. दुसरा पलीकडच्या बाजूला असतो आणि हात घालायला जरा त्रास देतो, म्हणून तो वर्षानुवर्षं तसाच राहतो. गंमत अशी की एक प्लग मेला तरी गाडी दुसऱ्यावर चालते, त्यामुळे कुणाला पत्ता लागत नाही. फक्त ताकद कमी होते आणि पेट्रोल जास्त जातं. दोन्ही एकदम, एकाच नंबरचे बदल.

प्रश्न : सोलापूरचा उन्हाळा बघता 'थंड' प्लग घालावा, असं एका मित्राने सांगितलं. थंड-गरम प्लग म्हणजे काय? आणि एनजीकेच्या ऐवजी बॉशचा तोच आकडा असलेला चालेल का?
— पॉलिटेक्निकचा विद्यार्थी

उत्तर : प्लग थंड की गरम, हे तो आपल्या टोकाची उष्णता हेडमध्ये किती लवकर सोडतो यावर ठरतं. टोकाची चिनी मातीची नळी आखूड असेल तर उष्णता झटकन निघून जाते, तो थंड. नळी लांब असेल तर वेळ लागतो, तो गरम. टोक साधारण ४५० ते ८५० अंशांत राहिलं पाहिजे. खाली गेलं तर काजळी, वर गेलं तर ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला भोक पडतं.

आता तुझा मित्र. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४४ ला जातो, मान्य. पण सिलिंडरच्या आत जळताना तापमान दोन हजार अंशांच्या वर असतं. बाहेर २५ आहे की ४४, याने तिथे काय फरक पडणार? उन्हाळ्यासाठी प्लगचा नंबर बदलायचा नसतो. इंजिन थंड ठेवणाऱ्या बाहेरच्या पात्यांमधला चिखल काढ, ऑईल वेळेवर बदल आणि भर दुपारी सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी बंद ठेव. थंड प्लग घातलास तर गावातल्या गावात फिरून तो काळा पडेल, एवढंच होईल.

दुसरा प्रश्न फार चांगला विचारलास. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होत जातो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम होत जातो. म्हणजे उलट. आकडा सारखा बघून उचललास तर पार दुसऱ्या टोकाचा प्लग हातात येईल. दुकानात जुळणीचा तक्ता असतो, तो बघायला सांग. त्याच वेळी आट्याची लांबीही जुळव. एनजीकेच्या नंबरमधलं एच म्हणजे १२.७ मिलिमीटर आणि ई म्हणजे १९. आखूड आट्याच्या हेडमध्ये लांब प्लग घातला तर पिस्टन येऊन त्याच्यावर आपटतो. जुने लोक अजून दुकानात 'मायको द्या' म्हणतात, त्याने गोंधळू नकोस. ती कंपनी २००८ सालापासून बॉश याच नावाने आहे.

प्रश्न : माझी सीएनजी टॅक्सी आहे, पंढरपूर-तुळजापूर-अक्कलकोट अशी भाविकांची वाहतूक करतो. पेट्रोलवर गाडी मऊ चालते, सीएनजीवर टाकली की तुळजापूरच्या घाटात झटके देते. गॅस किटवाला म्हणतो ट्यूनिंग करावं लागेल.
— टॅक्सीचालक, पंढरपूर

उत्तर : ट्यूनिंगला पैसे देण्याआधी प्लग आणि कॉईल बघा. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. जी झिज पेट्रोलवर खपून जाते, ती गॅसवर उघडी पडते. आणि घाटात ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढतो, व्होल्टेजची मागणी आणखी चढते. म्हणून झटका नेमका चढावरच येतो.

प्लगची गॅप मोजा. वाढलेली असेल तर प्लग बदला, ठोकून कमी करत बसू नका. सीएनजीसाठी कंपनीने वेगळी गॅप किंवा वेगळा प्लग दिला असेल तर तोच. पेट्रोलवर साधे निकेलचे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटर जातात, पण पूर्ण वेळ गॅसवर चालणाऱ्या टॅक्सीने तेवढी वाट बघू नये.

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल असेल तर तिच्या खालच्या रबरी नळीत टॉर्च मारून बघा. आत पेन्सिलने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली तर करंट प्लगच्या टोकाशी न जाता त्या रेघेवरून पळतोय. तशीच रेघ प्लगच्या पांढऱ्या अंगावरही सापडते. तेव्हा रबर आणि प्लग दोन्ही बदला. एकच बदलला तर जुनी रेघ नव्यावर उमटते. कुठली कॉईल खराब ते शोधायला स्कॅनर लावा. पी०३०२ असा कोड आला म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग. मग दुसऱ्याची कॉईल तिसऱ्यावर लावून गाडी चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉईल दोषी, पी०३०२च राहिला तर नाही. चारही कॉईल एकदम बदलायला सांगणाऱ्याला हे करायला सांगा, त्याचा चेहरा बघा.

इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला तर मात्र तशीच रेटू नका. न जळलेलं इंधन सायलेन्सरमधल्या, धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, आणि त्याची किंमत प्लगच्या हिशोबात बसत नाही.

प्रश्न : कारच्या प्लगच्या खड्ड्यांत ऑईल भरलेलं आढळलं. रिंगा गेल्या म्हणून इंजिन खोलावं लागेल, असं सांगण्यात आलं. धक्काच बसला.
— विजापूर रोड

उत्तर : थांबा, सही करू नका. प्लगच्या वरच्या बाजूला ऑईल आहे ना? रिंगा गेल्या तर ऑईल प्लगच्या खालच्या टोकाला दिसतं, वर नाही. वर साठलेलं ऑईल टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून किंवा प्लगच्या नळ्यांच्या सीलमधून झिरपतं. पॅकिंग आणि सील बदलली की काम होतं, इंजिन खोलायचं काही कारण नाही. फक्त प्लग काढण्याआधी खड्ड्यातलं ऑईल कापडाने टिपून घ्यायला सांगा, नाहीतर ते आत उतरेल. ऑईलमध्ये भिजून कॉईलची रबरं फुगली असतील तर तीही बदलावी लागतील. खालचं टोक कोरडं आहे याची खात्री स्वतःच्या डोळ्यांनी करा.

प्रश्न : जुनी मारुती ८०० आहे, डिस्ट्रिब्युटरवाली (सगळ्या प्लगना करंट वाटून देणारा भाग असलेली). प्लग बदलून आणल्यापासून गाडी उड्या मारते, कार्बोरेटरमधून फटाका वाजतो.
— मोहोळ

उत्तर : प्लगच्या वायरी आदलाबदल झाल्या आहेत. तीन सिलिंडरचं इंजिन, फायरिंगचा, म्हणजे ठिणगी पडण्याचा, क्रम १-३-२. १-२-३ असं सरळ लावलं की असंच होतं. दुरुस्त करा. मग रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. वायरींवर कुठे निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायरींचा सेट बदला, हात मात्र लावू नका.

प्रश्न : इरिडियमचा प्लग घातला तर ॲव्हरेज वाढतं का?
— कन्ना चौक

उत्तर : नाही. धडधाकट गाडीत फरक जाणवणार नाही. इरिडियम २४०० अंशांच्या वर वितळतं, त्यामुळे काडी अर्ध्या मिलिमीटरइतकी बारीक करता येते आणि ती कारमध्ये लाखभर किलोमीटर टिकते. पैसे जातात ते टिकण्याचे. ज्या कारचे प्लग काढायला वरचं मॅनिफोल्ड (हवेच्या नळ्यांचा जोड) उतरवावं लागतं, तिथे जरूर घाला. शंभर-दीडशे रुपयांच्या प्लगवर सुखाने चालणाऱ्या मोटरसायकलला कशाला? घातलाच तर पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश लावू नका, काडी तुटते. साध्या प्लगलाही तारेचा ब्रश वाईटच. घासलेल्या तारेचा अंश चिनी मातीवर बसतो आणि करंट तिथून गळतो. गॅसच्या शेगडीवर भाजून साफ करण्याची जुनी खोड आता सोडा, त्याने मातीला तडा जातो.

घेताना पॅकिंगवर भुलू नका, बाजारात नकली माल भरपूर आहे. अस्सल प्लगचा वॉशर फिरतो पण सहसा गळून पडत नाही, काडी बाहेरच्या हाताच्या बरोबर मध्यावर असते आणि छपाई नखाने निघत नाही.

प्रश्न : गॅरेजमधल्या पोराने प्लग आवळताना आटे घालवले. आता प्लग नुसता फिरतो, एकदा तर उडूनच बाहेर आला. ते म्हणतात, पूर्ण हेड बदला, खर्च तुमचा.
— मंगळवेढा

उत्तर : हेड बदलायची गरज बहुतेक नाही. भोक थोडं मोठं करून नवे आटे पाडतात आणि त्यात स्टीलच्या तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं बसवतात. त्याला हेलिकॉईल म्हणतात. नीट बसलं तर ते मूळ ॲल्युमिनियमपेक्षा मजबूत असतं. १४ मिलिमीटरच्या प्लगला १.२५ मिलिमीटरचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) आणि १० च्या प्लगला १ चा, हे आधी नक्की करून घ्या. आपल्याकडे एमआयडीसीत पॉवरलूमचे सुटे भाग करणारे चांगले लेथवाले आहेत, त्यांच्यातल्या काहींना हे काम सफाईने जमतं. हेड उतरवून केलेलं बरं, म्हणजे धातूचा कीस सिलिंडरमध्ये जात नाही. नुसती पितळी पट्टी किंवा एम-सील भरून प्लग बसवून देतो म्हणणाऱ्यापासून दूर राहा, तो परत उडेल आणि तेव्हा तुमचा गुडघा जवळ असेल.

खर्चाचं म्हणाल तर भांडा. आटे त्यांच्याकडे गेलेत, हेलिकॉईलचे पैसे त्यांनी द्यावेत.

प्रश्न : वडिलांची टू-स्ट्रोक लुना चालू केली आहे. दर आठ-दहा किलोमीटरला प्लग काळा होऊन बंद पडते. वडील म्हणतात, पूर्वीही असंच व्हायचं, खिशात प्लग ठेवायचा.
— बाळे

उत्तर : वडील खरं सांगतायत, पण आठ-दहा किलोमीटर फारच लवकर झालं. टू-स्ट्रोकमध्ये ऑईल पेट्रोलबरोबर जळतं, त्यामुळे थोडी काजळी येणारच. बहुधा तुम्ही ऑईल अंदाजाने ओतताय आणि 'असू दे जरा जास्त' म्हणताय. मापाने घाला, टू-स्ट्रोकसाठीचं टू-टी ऑईलच घाला, चारचाकीचं उरलेलं नको. चोक पूर्ण परत जातोय का बघा. सायलेन्सर उघडून आतली जाळी बघा, वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ती डांबरासारख्या थराने बुजलेली असते आणि धूर बाहेर न जाता मागे फिरतो. जाळी साफ झाली की नवा प्लग मॅन्युअलच्या नंबरचा घाला आणि पहिली फेरी मार्डी गावापर्यंत, थोड्या वेगात मारा, म्हणजे तो पुरता तापेल. त्यानंतरही काळा-ओला निघाला तर क्रँकचं सील तपासायला लुना घेऊन या. मंगळवारी नको, गॅरेज बंद असतं.